गोष्ट कोठून सुरू करावी?

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा वाचण्याचे काम कोणा ना कोणा प्राध्यापकाच्या वाट्याला येतेच. अर्थशास्त्राचा अध्यापक असूनही काही वर्षे ते माझ्याकडे आले. या कथांतून सूर्य फार वेळा उगवतो. त्याची कोवळी किरणे खिडकीतून आत येतात, पक्ष्यांचा किलबिलाट होतो, नायक डोळे चोळीत उठतो. आणि दुसरे पान उलटले तरी गोष्ट काही सुरू होत नाही.

अशाच एका कथेच्या लेखकाला मी बोलावून विचारले, "तुला सांगायचे आहे तरी काय?" तो म्हणाला, "सर, वडिलांनी बैलजोडी विकली. संध्याकाळी आईने सवयीने गव्हाणीत वैरण टाकली. त्याची गोष्ट आहे." "मग येथूनच सुरुवात का केली नाहीस?" यावर त्याने मलाच विचारले, "असं लिहिलं तर चालतं का, सर?"

आपल्या भाषाशिक्षणाने गंभीरपणे विचार करावा असा हा प्रश्न आहे. स्वतःच्या घरातील अनुभव लिहिण्याजोगा नाही, अशी त्या मुलाची समजूत कोणी करून दिली? शाळेत कथालेखन हा ठरावीक गुणांचा प्रश्न असतो. मुद्दे दिलेले असतात आणि नमुना उत्तरे मार्गदर्शिकांत छापलेली असतात. साचेबंद सुरुवात केली तर गुण जात नाहीत. वेगळी केली तर ते मिळतीलच अशी खात्री नसते. अशा व्यवहारात कोणीही धोका पत्करीत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. म्हणून दोष एकट्या मुलांचा नाही. साठ-सत्तर वह्यांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकालाही तो सर्वस्वी देता येणार नाही.

वस्तुतः आपली परंपरा याबाबत अधिक शहाणी होती. आटपाट नगराचा आरंभ आपण हसण्यावारी नेतो. पण श्रावणातल्या कहाण्या नीट ऐकाव्यात. नगराचे नाव घेऊन होते न होते तोच तेथे एखादा दरिद्री ब्राह्मण येतो, किंवा राजाच्या दोन राण्यांपैकी एक आवडती आणि दुसरी नावडती असते. दोन-तीन वाक्यांतच कोणाची तरी उणीव, कोणावर तरी होणारा अन्याय समोर उभा राहतो. आमच्या विद्यार्थ्यांनी कहाणीचे पहिले वाक्य घेतले आणि तिसरे सोडून दिले. पंचतंत्रातही अमरशक्ती राजाचे तीन पुत्र मंदबुद्धी असतात आणि त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्मा करतो. चिंता, मुदत आणि पणाला लागलेला शब्द, हे सारे आरंभीच येते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'च्या आरंभी एक तरुण शिक्षक नेमणुकीच्या खेड्याकडे पायी निघालेला दिसतो. निसर्ग तेथेही आहे. परंतु तो चालणाऱ्या माणसाच्या वाटेवर भेटतो, म्हणून वाचकाला तो कंटाळवाणा होत नाही.

याचा अर्थ पहिल्याच ओळीत खून पाडावा किंवा किंकाळी फोडावी असा नव्हे. तोही एक साचाच होईल. सुरुवात ही वाचकाला लिहून दिलेली हुंडी असते. पुढील पानांत ती वटली पाहिजे.

हे शिकविण्यास फारसा खर्च नाही. लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली गोष्ट बाकावरील शेजाऱ्याला तोंडी सांगावी; बोलताना सहसा कोणी सूर्योदयापासून सुरुवात करीत नाही. मसुदा झाल्यावर पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहावे. पुष्कळदा खरी सुरुवात तेथेच सापडते. एकाच प्रसंगाच्या तीन सुरुवाती लिहवून घ्याव्यात आणि कोणती पुढे ऐकावीशी वाटते, हे वर्गाने सांगावे. एवढे सारे दोन-तीन तासिकांत होऊ शकते. मात्र नमुन्याशी न जुळणाऱ्या सुरुवातीचे गुण कापू नयेत, अशी स्पष्ट सूचना परीक्षकांना मिळाल्याखेरीज हे प्रयत्न वर्गाबाहेर टिकणार नाहीत.

सर्वच विद्यार्थी कथाकार होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु उद्या त्यांना अर्ज, तक्रारी आणि अहवाल लिहावे लागतील. आपल्या म्हणण्यातील मुख्य गोष्ट कोणती, हे ओळखून ती निर्भयपणे प्रथम मांडण्याची सवय तेथेही लागते. रिकाम्या गव्हाणीत पडलेल्या वैरणीबद्दल लिहिले तर चालते का, हे पुढच्या मुलाला विचारावे लागू नये, इतके तरी आपण शिक्षकांनी पाहावयास हवे.