एकत्वाचा सोयीस्कर समज

जॉर्जियातील लोकगायनाविषयी लिहिताना ‘अनेक आवाजांतून साधलेले एकत्व’ हे शब्द लेखणीतून आपसूक उतरतात. आमचा आक्षेप नेमका याच शब्दांवर आहे.

पश्चिम जॉर्जियातील गुरिया प्रांताचे गाणे ऐकावे. गाणारे तिघे आणि चालीही तीन. वरचा गळा ‘क्रिमान्चुली’ या प्रकारात उंच स्वरांत उड्या घेत असतो, मधला शब्द सांगतो, खालचा आपल्याच वाटेने चालतो. आयत्या वेळी वळण घेण्याची मुभा प्रत्येकाला असते. अट एकच, इतर दोघांकडे कान हवा. लगतचे स्वर एकमेकांवर घासतात. पियानोवर घडलेला कान त्याला बेसूर म्हणेल. गायकांना मात्र ते घर्षण मिटवण्याची घाई नसते.

कोणी म्हणेल, पूर्वेकडील काखेतीत तर सारा मेळा खालचा एकच स्वर धरून असतो. खरे आहे. पण त्या स्वरावर दोन एकल गायक आपापली चाल स्वतंत्रपणे रंगवतात, हेही तितकेच खरे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेले ‘चाक्रुलो’ याच घडणीचे आहे.

एकत्वाच्या हौसेची किंमत या गाण्याने मोजली आहे. सोव्हिएत काळातील मोठ्या वृंदांनी एकेका चालीला अनेक गळे जुंपले. इतक्या जणांनी मिळून आयत्या वेळी वळण घ्यावे कसे? चाल आधीच ठरून गेली. भव्यता आली, संवाद आटला.

१९६६ साली गुरियाचे वयोवृद्ध गायक आर्तेम एर्कोमाइश्विली यांनी त्बिलिसीच्या संगीत महाविद्यालयात परंपरागत धर्मस्तोत्रे ध्वनिमुद्रित केली. सोबतीला जाणकार गळे उरले नव्हते. म्हणून पहिली चाल गाऊन, तीच फीत ऐकत त्यांनी दुसरी गायिली, मग तिसरी. पुढल्या वर्षी ते निवर्तले. त्या फितींवरून पुढील पिढी स्तोत्रे शिकली, हे ऋण मोठेच. तरीही फीत गायकाला उत्तर देत नाही. २००१ साली युनेस्कोने या गायनाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले; पण गौरवानेही दुसरा गळा मिळत नाही. तो शेजारी बसून, ऐकून, अडखळूनच तयार होतो.

आम्ही साहित्याची माणसे बाख्तीनचे नाव घेऊन पात्रांची गर्दी असलेल्या कुठल्याही कादंबरीला ‘बहुस्वर’ ठरवतो. पात्रे मोजण्यापूर्वी एवढे तपासावे, की त्यातला एक तरी आवाज दुसऱ्याचे ऐकून आपली वाट बदलतो काय? बदलत नसेल, तर तो निव्वळ वृंद आहे.