‘मेल पाठवला’ म्हणजे पोचला नव्हे

उल्हासनगरच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या रक्ताचा अहवाल बदलापूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला किती वेळ लागावा? लोकलने अंबरनाथ ओलांडले की बदलापूर येते. वीसेक मिनिटांचा प्रवास. ई-मेलला तर काही सेकंद पुरतात. पण प्रयोगशाळेच्या मेल सर्व्हरची जोडणी तुटली, तर तोच अहवाल दिवस-दोन दिवस अडकून पडू शकतो. पाठवणाऱ्याला मात्र वाटते, आपले काम झाले.

हा दोष कुणाच्या आळसाचा नाही. ई-मेलची रचनाच तशी आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मेल पोचवण्याचे ‘एसएमटीपी’ हे नियम लिहिले, तेव्हा तारा वरचेवर तुटत असत. म्हणून समोरचा सर्व्हर भेटला नाही, तर पत्र रांगेत ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, असे ठरले. हार मानण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस वाट पाहावी, अशी या नियमांची शिफारस आजही आहे. पत्रासाठी ही चिकाटी उत्तम, रुग्णासाठी घातक. रक्तातील पोटॅशियम एरवी लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असते. ते ६.५च्या वर गेले तर हृदयाची लय बिघडून काही तासांतच जिवावर बेतू शकते. तिथे चार दिवसांची चिकाटी काय कामाची?

मेल अडकला की बहुतेक जण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतात. हे निदानाआधीच औषध देण्यासारखे झाले. डॉक्टर आधी लक्षणे विचारतात; इथेही तेच करावे. पहिला प्रश्न : फक्त मेल बंद आहे की सगळे इंटरनेट? सगळेच बंद असेल तर राउटर, वायर आणि वीज तपासा. दुसरा : सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सापडतो का? सापडत नसेल तर बिघाड ‘डीएनएस’ या पत्त्यांच्या वहीत आहे. तिसरा : दार उघडे आहे का? सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते २५ क्रमांकाच्या पोर्टवर. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर हे दार बंद ठेवतात. आपल्या संगणकावरून सर्व्हरकडे मेल सोपवायला ५८७ हे पोर्ट असते.

चौथी गोष्ट म्हणजे चुकीचा संदेश नीट वाचणे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे दारापर्यंत पोचलो, पण आत सेवा सुरू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही; वाट तुटली असेल किंवा फायरवॉलने हाक गिळली असेल. ४ने सुरू होणारा तीन आकडी संकेत ‘थोड्या वेळाने या’ म्हणतो, ५ने सुरू होणारा ‘येऊच नका’. डिस्क भरणे किंवा सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपणे अशी साधी कारणेही असतात. आणि रांगेत किती पत्रे तुंबली आहेत, हे रोज सकाळी कुणीतरी पाहिलेच पाहिजे.

एवढे करूनही जोडणी तुटणारच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. ज्या पट्ट्यात रेल्वेचा रूळ पाण्याखाली जातो, तिथे इंटरनेटच्या एकाच वायरवर विसंबणे शहाणपणाचे नाही. दुसरी जोडणी घ्यावी, पण ती त्याच खांबावरून येत नाही ना, हे पाहूनच.

माझे म्हणणे एवढेच, की धोकादायक निष्कर्ष कधीही नुसत्या मेलवर सोडू नये. प्रयोगशाळांसाठीच्या ‘आयएसओ १५१८९’ या मानकातही असे निष्कर्ष तातडीने कळवून त्याची नोंद ठेवण्याची अट आहे. छोट्या प्रयोगशाळांनीही ती पाळावी. फोन करावा, ऐकणाऱ्याकडून आकडा परत वदवून घ्यावा, नाव आणि वेळ लिहून ठेवावी. रुग्णानेही संध्याकाळपर्यंत अहवाल आला नाही, तर ‘सगळे ठीक असेल’ असे धरून बसू नये, स्वतः विचारावे. मेल सर्व्हर चार दिवस थांबू शकतो. आजार तेवढा थांबत नाही.