पाढा पाठ, गणित चूक



दिवाळीला नात आली होती. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहाटेच ओसरीवर येरझाऱ्या घालत घोकणं सुरू... "टायफॉइडला सेफ्ट्रायॅक्सोन, अमीबाला मेट्रोनिडाझोल, स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन..." अगदी आमच्या पाढ्यांसारखं!

मी विचारलं, "आणि सर्दीला गं?"

"आबा, सर्दी विषाणूची. तिला यातलं काहीच चालत नाही."

"मग ते का नाही घोकत?"

"तक्त्यात नाहीये ना ते!"

माझं भांडण इथे आहे. पाठांतराशी नाही. जन्मभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेला मास्तर मी. पण पाढा येणं वेगळं आणि गणित गुणाकाराचं की वजाबाकीचं हे ओळखणं वेगळं. अँटिबायोटिकच्या पाढ्यात "केव्हा देऊ नये" ही ओळ नसेल तर तो अर्धवटच.

आणि हा अर्धवट पाढा काय फक्त डॉक्टरांनाच येतो? आपल्या धाडमध्ये तो घरोघरी पाठ आहे. घशाला अमुक गोळी, जुलाबाला तमुक. माझंच सांगतो. दोन वर्षांमागे भाद्रपदात निंदणाहून आल्यावर हिला ताप भरला. आधीच्या एका तापात दिलेली सेफिक्सिम मला पाठ होती. दुकानात नाव सांगितलं, चिठ्ठी न विचारता मिळाली. वास्तविक २०१४ पासून ती एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि विकली की रोग्याचं नाव वहीत लिहायचं, असा नियम. नियम दुकानदाराने मोडला, पण मोडायला लावणारा मीच ना!

पाच दिवस ताप हटेना. शेवटी बुलढाण्याला एका तरुण डॉक्टरांनी काखेत पाहिलं. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली! गवतातला बारीक किडा चावलेला. स्क्रब टायफस. सेफिक्सिम त्यावर चालतच नाही. स्वस्तातल्या डॉक्सिसायक्लिनने दोन दिवसांत ताप उतरला. तक्ता त्यांनाही पाठ असणारच, पण त्यांनी आधी रोगी पाहिला. मी फक्त पाढा म्हटला होता.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच, नोबेलच्या भाषणात, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असं बजावलं होतं. २०१९ या एका वर्षात अशा निर्ढावलेल्या जंतूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं नेली, असा अंदाज आहे.

म्हणून परीक्षा घेणाऱ्यांना सांगणं एवढंच, "कोणतं औषध द्याल?" याच्या आधी "द्याल का?" हे विचारा, आणि त्यालाही तितकेच मार्क ठेवा. आणि मंडळी, डॉक्टरने गोळी न देता नुसतं "आराम करा" म्हटलं, तर "कसला डॉक्टर!" म्हणत दुसरीकडे जाऊ नका.

असो. तुमच्या घरच्या डब्यात कोणत्या उरलेल्या गोळ्या आहेत, जरा बघा आणि कळवा. आमच्या डब्यात तीन प्रकारच्या निघाल्या!