अंगठ्याएवढ्या चित्रातली बाई

आमच्या गटाने किशोरवयीन मुलींसाठी मोबाइलवरचा एक छोटा खेळ करायला घेतला. गावातून तालुक्याच्या शाळेत एसटीने जाणारी मुलगी ही त्याची नायिका. कधी पास घरी राहतो, कधी गाडी चुकते, कधी स्टँडवरची पोरे वाट अडवतात. खेळणारीने तिला वेळेवर वर्गात पोचवायचे. चार-पाच मिनिटांचा, गाडीची वाट बघता बघता खेळावा असा खेळ. तो तयार झाला आणि आमची गाडी मुखपृष्ठावर अडली.

मोबाइलवरच्या दुकानात प्रत्येक खेळाचे एक चित्र असते. बोट लावायचे की पुढे सरकायचे हे ते बघूनच ठरते, म्हणून मी त्याला मुखपृष्ठ म्हणते. चित्रे काढून देणाऱ्या तरुणाने तीन नमुने आणले. एकात एसटी, दुसऱ्यात दप्तर घेऊन धावणारी मुलगी, तिसऱ्यात मुलीचा रडवेला चेहरा आणि मागे दोन काळ्या सावल्या. ‘‘ताई, तिसरं चालेल. रडणाऱ्या मुलीवर लोकांचं बोट थांबतं,’’ तो म्हणाला.

तो वाईट मुलगा नव्हे. धंद्यात जे शिकला ते त्याने सांगितले. गूगलच्या दुकानात २०१५ पासून एकाच खेळाची वेगवेगळी चित्रे वेगवेगळ्या लोकांना दाखवून, कोणत्या चित्रामुळे जास्त जणांनी खेळ उतरवून घेतला हे मोजता येते. अ‍ॅपलनेही २०२१ मध्ये तशी सोय केली. ज्याला आकडा जास्त, ते चित्र राहते. बोट का थांबले हे मात्र त्या मोजणीत कुठेच येत नाही. कुतूहलाने, कणवेने की बाईची फजिती बघण्याच्या सवयीने?

ही सवय जुनी आहे. जपानच्या तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ केला. खेळांचे अड्डे तेव्हा पुरुषांचे आणि खेळ गोळीबाराचे. बायकांनाही तिथे यावेसे वाटावे म्हणून आपण खाण्यावर बेतलेला खेळ केला, असे त्यांनी सांगितले आहे. पिवळी गोल चकती आणि तिला तोंड, एवढेच ते चित्र. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘मिस पॅक-मॅन’ आली तेव्हा त्याच चकतीला लाल ओठ, रिबन आणि सौंदर्याचा तीळ चिकटला. नुसती चकती म्हणजे पुरुष. बाई व्हायचे तर नटायला हवे! २००९ मध्ये ‘एव्हनी’ या राज्य उभारण्याच्या खेळाच्या जाहिराती तोकड्या कपड्यांतल्या बायकांच्या चित्रांवर येऊन ठेपल्या. खेळात मात्र वाडे बांधायचे आणि फौजा पाठवायच्या. २०१२ च्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या चित्रात मिशाळ लढवय्या तोंड वासून ओरडतो. त्यानंतर अशा ओरडणाऱ्या पुरुषांची रांगच लागली. बाईच्या वाट्याला आले ते अश्रू, विस्कटलेले केस, सोडून गेलेला नवरा, आणि ‘हिला वाचवा’ किंवा ‘हिला सुंदर करा’. पुरुष ओरडतो, बाई रडते. आणि हे रंग जुळवण्याचे, घर सजवण्याचे खेळ खेळणाऱ्यांत आपण बायका मोठ्या संख्येने आहोत. आपल्यालाच आपली फजिती विकली जाते.

आमच्या बैठकीत यावर चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, ‘‘आपला विषय पोचणं महत्त्वाचं. रडकी मुलगी लावून शंभर मुली जास्त आल्या तर बिघडलं काय?’’ तिचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. आपली स्वतःची पोस्टर आठवून बघा ना. गुडघ्यात डोके घातलेली बाई, तोंडावर हात, मागे पुरुषाची सावली. अत्याचार डोळ्यांसमोर आणण्यासाठी आपणच ती किती वर्षे भिंतींवर लावली! मग चित्रकाराला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

शेवटी तिन्ही चित्रे आम्ही मुलींपुढे ठेवली. तिसऱ्या चित्राकडे बघून एक नववीतली मुलगी म्हणाली, ‘‘ही शाळेत पोचलीच नाही वाटतं.’’ दुसरी म्हणाली, ‘‘फोन पप्पांचा आहे. हे चित्र दिसलं तर ते म्हणतील, बघ, रस्त्यात असं होतं, राहा घरी.’’

आमच्यापैकी कुणालाही हे सुचले नव्हते. दुकानातले चित्र दुकानात राहत नाही. खेळ उतरवला की तेच चित्र फोनवर येऊन बसते, आणि तो फोन बहुधा मुलीचा नसतो; वडिलांचा, भावाचा असतो. दिवसातून पन्नास वेळा ते चित्र घरातल्या पुरुषांच्या नजरेखालून जाणार. मुलीला शाळेत पोचवायचा आमचा खेळ मुखपृष्ठामुळेच तिची शाळा बंद व्हायला निमित्त झाला असता.

म्हणून मला म्हणायचे आहे की ‘प्रभावी चित्र’ म्हणजे काय हे आपण ठरवले पाहिजे. किती बोटे थांबली एवढ्यावर ते ठरत नाही. आत काय आहे ते चित्राने खरे सांगितले का, आणि जिच्यासाठी खेळ केला तिला ते उघडपणे जवळ ठेवता येते का, हेही बघायला हवे. खोट्या चित्राचा प्रश्न आता इतरांनाही जाणवू लागला आहे. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, दाखवलेले कोडे म्हणजे तो खेळ नव्हताच. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या २०२० च्या मोठ्या खेळाच्या चित्रात भावाला सोडवायला निघालेली मुलगी स्वतः शस्त्र घेऊन उभी आहे. म्हणजे बाईला रडवल्याशिवाय चित्र होतच नाही असे नव्हे.

आम्ही धावणारी मुलगी निवडली. मग कळले की चांगला हेतू पुरत नाही, कसबही लागते. गूगलला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चौकोनी चित्र द्यायचे असते, पण फोनवर ते नखाएवढे होते. त्यात एसटी, स्टँड, शाळा, मैत्रिणी सगळे कोंबले तर नुसता चिखल. आम्ही एकच मुलगी ठेवली, मागे एसटीचा लाल रंग. खेळाचे पाच शब्दांचे नाव चित्रातून काढून टाकले, कारण एवढ्या आकारात उकार, वेलांट्या आणि जोडाक्षरे शिरोरेषेला चिकटून जातात. चित्र स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात, हातभर अंतरावर धरून तपासले. मुलगी कुठे बघते यावरही चर्चा झाली. ती मागे वळून बघत नाही, समोर बघते.

तिसऱ्या चित्राने किती जणी जास्त आल्या असत्या हे आता कळणार नाही. ती किंमत आम्ही समजून उमजून मोजली.

मैत्रिणींनो, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आपण प्रामुख्याने उघड्या अंगाच्या चित्रांविरुद्ध वापरत आलो. रडवलेल्या, हिणवलेल्या बाईच्या चित्राकडे आपले लक्ष कमी गेले. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या ‘अ‍ॅस्की’ने जून २०२२ मध्ये लिंगभावाच्या घातक साचेबंद प्रतिमांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तिथे कोणीही तक्रार करू शकते. जरूर करू या. पण त्याआधी आपल्या पुढच्या बैठकीत सगळ्यांचे फोन मध्ये ठेवून त्यांवरच्या खेळांची चित्रे एकत्र बघू या. आणि हो, आपली पोस्टरही शेजारी ठेवू या.