पंचनाम्याला बायका हव्यात

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जन आटोपून गाव झोपलेलं होतं आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर कोसळला. माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाच्या ढिगाऱ्याखाली. पुढे ज्या गावांत घरं दुरुस्त करायची होती, तिथे शासनाने ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. अनुदानाचा हप्ता कधी, कशासाठी मिळतो, हे त्यांनी घरोघर समजावलं. माळवदावरची माती उतरवली का, भिंतीला सिमेंटचा पट्टा फिरला का, हे गवंड्याच्या शेजारी उभं राहून पाहिलं. जिच्या घरी कर्ता पुरुष उरला नाही, तिच्या दारी कोण जाणार होतं? याच बायका गेल्या. 2001च्या गुजरातमधल्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छलाही पोचल्या, तिथल्या बायकांशी बोलायला.

आज गावोगाव अशाच बायकांचे बचत गट आहेत. कोणाची चूल बंद आहे, कोणाचं धान्य भिजलं, कोण लाजेने मागत नाही, हे त्यांना मदतीच्या यादीआधी ठाऊक असतं. तरीही पूर ओसरल्यावर पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक येतात आणि बायका उंबऱ्यातच उभ्या राहतात. सातबारा नसलेली मजूर बाई, भाड्याच्या खोलीतली विधवा कागदावर येतच नाही. पंचनाम्याच्या पथकात गटाच्या दोन प्रतिनिधी सक्तीने घ्याव्यात आणि मदतीची यादी ग्रामसभेत वाचण्याआधी महिला सभेत वाचावी. त्यासाठी पुढच्या पुराची वाट पाहू नये.