हरणाऱ्याच्या खिशावर चालणारा खेळ

वसई-विरारमध्ये स्नूकर शिकवून कुणाचंही घर चालत नाही. खेळ महाग आहे म्हणून नाही, आणि पोरांना आवड नाही म्हणून तर मुळीच नाही. इथे टेबलाचा तास विकला जातो, शिकवण्याला कुणी मोल देत नाही, आणि ज्याला अजून खेळता येत नाही त्याच्याच खिशातून सगळा धंदा चालवला जातो, म्हणून. मी याच पट्ट्यात मुलांना स्नूकर शिकवतो. मधूनमधून एखादा हुशार तरुण येतो आणि विचारतो, "सर, मलाही कोच व्हायचंय. सुरुवात कुठून करू?" त्याला गोड बोलून परत पाठवणं मला जमत नाही. खरं उत्तर कडू आहे आणि ते त्याला एकट्याला सांगून भागणारं नाही. ते पार्लरमालकांनी, पालकांनी, महापालिकेने आणि मुंबईच्या जिमखान्यांनीही ऐकायला हवं.

आपल्या पार्लरांत एक रीत आहे: जो फ्रेम, म्हणजे एक डाव, हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे. अनेकांना ती मर्दानी वाटते, चुरस वाढवणारी वाटते. मला ती या खेळाच्या मुळावर उठलेली रीत वाटते. हरतो कोण? नवशिका. म्हणजे ज्याला टेबलाची सगळ्यांत जास्त गरज, त्याने दोघांचे पैसे मोजायचे आणि ज्याला आधीच येतं त्याने फुकटात खेळायचं. कॉलेजातलं पोरगं काही दिवस हरतं, घरून मिळालेले पैसे संपतात आणि ते खेळ सोडून देतं. जे टिकतं ते काय शिकतं? आपल्याहून कच्चा गडी हेरायला शिकतं. आपल्याहून सरस खेळाडूसमोर उभं राहून चार फ्रेम हरल्याशिवाय कुणाचाही स्नूकर सुधारत नाही, आणि नेमकी तीच हिंमत या रीतीने मारून टाकली आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षक कुणाला हवा असेल? कच्चा गडी पक्का झाला, तर आजवर फुकट खेळणाऱ्यांचीच पंचाईत होणार.

आता हिशेब मांडा. समजा टेबलाचा तास 200 रुपयांना मिळतो. शिकणाऱ्या मुलाला रोज दोन तास तरी हवेत. महिन्याचे 25 दिवस धरले तर 10,000 रुपये झाले, आणि शिकवणाऱ्याची फी त्यात अजून आलेलीच नाही. नालासोपाऱ्यातला कुठला चाकरमानी बाप एवढे पैसे बाजूला काढेल? ज्याची ऐपत आहे तोही टेबलाचे पैसे मोजून दमतो आणि मग मास्तरच्या फीमध्ये घासाघीस करतो. मी एका मालकाला म्हणालो होतो, सकाळी तुमची टेबलं रिकामी पडून असतात, तेवढ्या वेळात शाळकरी मुलांना निम्मा दर लावा. उत्तर आलं, "शिकवा ना सर, आमची ना नाही. पण मीटर चालू राहणार." रिकाम्या टेबलातून छदामही येत नाही हे त्या माणसाला समजत होतं. पण सकाळी दर उतरवला तर संध्याकाळचं गिऱ्हाईकही तोच दर मागेल, ही धास्ती. त्या धास्तीपायी तो रोजची सकाळ वाया घालवतो, आणि पाच वर्षांनी जे गिऱ्हाईक त्याच्याकडे येणार होतं तेही घालवतो. याला धंद्याची अक्कल म्हणायला मी तयार नाही.

शिकवण्याची ही हेटाळणी पार्लरवाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती वरून आली आहे. स्नूकर हा खेळ 1875 मध्ये जबलपुरात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने जुळवला, आणि 1882 मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. आपल्या मातीत जन्मलेला खेळ, पण क्लबाच्या दाराआडच वाढवला गेला. त्या बिलियर्ड रूममध्ये एक माणूस दिवसभर उभा असायचा, आजही असतो: मार्कर. गुण मांडणारा, चेंडू लावणारा, कापडाला ब्रश मारून इस्त्री फिरवणारा, आणि जोडीदार आला नाही की मेंबरसाहेबांबरोबर खेळणारा. पिढ्यान् पिढ्या मेंबरांचा हात बसवला तो या माणसांनी. बदल्यात त्यांना बक्षिशी मिळाली. शिक्षकाचा मान मिळाला नाही, शिक्षकाचा पगार तर नाहीच. आमच्या पार्लरांनी जिमखान्याचं झुंबर नाही उचललं, पण मार्करला वागवण्याची पद्धत तेवढी जशीच्या तशी उचलली. तो पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. कुणाचं कोपर फटक्याआधी खाली येतं, कुणाचं डोकं उठतं, कोण घाईने मारतो, हे त्याला तोंडपाठ असतं. प्रशिक्षकाला लागणारी नजर त्याच्याकडे आहे, आणि आपण त्याला "ए, चेंडू लाव" यापलीकडे हाक मारत नाही.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: जो मोठा ब्रेक करतो, म्हणजे एका खेपेत भरपूर गुण घेतो, तोच चांगला कोच. हे साफ खोटं आहे. इंग्लंडमधला फ्रँक कॅलन हा फ्लीटवूड बंदरातला मासेविक्रेता. खेळाडू म्हणून जगाने त्याला कधी डोक्यावर घेतलं नाही, पण स्टीव्ह डेव्हिस आणि स्टीफन हेन्ड्रीसारखे जगज्जेते आपला फटका तपासून घ्यायला त्याच्याकडे जात. डेव्हिसचा पहिला गुरू तर त्याचे वडील बिल डेव्हिस. जो डेव्हिस यांचं स्नूकरवरचं पुस्तक समोर ठेवून त्यांनी लंडनच्या प्लमस्टेडमधल्या कामगार क्लबात पोराला घडवलं आणि त्या पोराने सहा वेळा जागतिक विजेतेपद जिंकलं. कामगारांचा क्लब, हे नीट वाचा. जो खेळ आपण साहेबांचा म्हणून सोडून दिला, तो साहेबांच्याच देशात मजुरांनी आपला केला.

शिकवणं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे कुणाला मोल द्यायचं ते कळेल. बारा फुटी टेबल, 22 चेंडू. नवा विद्यार्थी आला की त्याला आधी लाल चेंडू द्यायचाच नाही. पांढरा चेंडू ब्राउनच्या जागेवर ठेवायचा, ब्लू, पिंक आणि ब्लॅकच्या जागांवरून सरळ वरच्या कुशनवर मारायचा आणि तो परत येऊन क्यूच्या टिपेलाच लागला पाहिजे. नाही लागला तर फटका मध्यावर बसलेला नाही, नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागली आहे. मग कारण शोधायचं: खांदा, पकड, ब्रिज, डोळ्यांची रेषा की श्वास. हे काम महिनोन् महिने चालतं, त्यात टाळ्या नाहीत आणि पैज तर नाहीच. पार्लरात "सर" म्हणवून घेणारे काही जण विद्यार्थ्याला उलट्या स्क्रूसारखे दिखाऊ फटके शिकवून खूश करतात आणि मग त्याच्याशीच पैशांची फ्रेम खेळतात. अशा माणसाला कोच म्हणू नका. तो पोराला लुटतोय.

महाराष्ट्राला या खेळात कमी काय होतं? जागतिक अजिंक्यपद जिंकणारा पहिला भारतीय म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. 1958 आणि 1964 मध्ये ते बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, पुढे मुलं घडवली आणि 1996 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मुंबईच्या मायकेल फरेरांनी हाच किताब 1977, 1981 आणि 1983 मध्ये जिंकला. यासिन मर्चंट 1989 आणि 2001 मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते झाले. अशोक शांडिल्यांनी 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. आदित्य मेहताने 2013 मध्ये वर्ल्ड गेम्सचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली. एवढी परंपरा पाठीशी असताना या खेळाची वाट वसईची खाडी ओलांडून आमच्याकडे का आली नाही? जिमखान्यांनी ती ओलांडू दिली नाही, म्हणून. जिमखाने खुल्या स्पर्धा भरवतात, हे मान्य. पण स्पर्धा चार दिवसांची. उरलेल्या वर्षात मेंबर सोबत नसेल तर विरारच्या पोराला टेबलाजवळ उभंही राहता येत नाही. मुंबईतले कितीतरी जिमखाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. लोकांच्या जमिनीवर उभं राहायचं आणि लोकांच्या मुलांना दाराबाहेर ठेवायचं, याचा जाब विचारलाच पाहिजे.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉची गोष्ट इथे सगळे अभिमानाने सांगतात: पहाटे उठून किटबॅग घेऊन लोकलने वांद्र्याला जाणारा विरारचा मुलगा, 2013 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 546 धावा करणारा. मला ती गोष्ट ऐकून अभिमानाबरोबर रागही येतो. लहान मुलाला शिकण्यासाठी विरार लोकलच्या गर्दीत दोन वेळा चिरडून घ्यावं लागतं, ही शहराला लाज आणणारी बाब आहे. आणि क्रिकेटच्या पोराला निदान पोहोचल्यावर मैदान मिळतं. क्यू घेऊन निघालेल्या पोराने उतरायचं कुठे?

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून 3 जुलै 2009 रोजी महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर होती. एवढ्या शहरात ज्याला स्नूकर शिकायचं आहे त्याला खासगी पार्लरवाचून दुसरं दार नाही. आणि पार्लर म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर सिगारेटचा धूर, शिव्या आणि पैजा येतात. त्यांना दोष देणार नाही; कित्येक ठिकाणी ते चित्र खरं आहे. पण ते चित्र खेळाचं नाही, आपल्या हलगर्जीपणाचं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 उघडून बघा. सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या व्याख्येत बिलियर्ड रूम आहे, आणि तिच्याच पंक्तीला व्यायामशाळा, तलवारबाजीची शाळा आणि जलतरण तलावही आहेत. कायद्याने ज्यांना एका रांगेत बसवलं, त्यातली व्यायामशाळा आणि तलाव सार्वजनिक पैशांतून बांधले जातात, उद्घाटनाला फिती कापल्या जातात. बिलियर्ड रूमकडे मात्र फक्त परवाना तपासायला माणूस येतो.

चीनने काय केलं बघा. 2005 मध्ये डिंग जुनहुईने अठराव्या वर्षी चायना ओपन जिंकली. देशाने ती लाट वाया जाऊ दिली नाही, अकादम्या काढल्या, मुलांना पूर्ण वेळ प्रशिक्षक दिले. 2025 मध्ये झाओ शिनतोंग जगज्जेता झाला. वीस वर्षं. आपल्याकडे दीडशे वर्षं झाली आणि आपण अजून हरणाऱ्याकडून टेबलाचे पैसे गोळा करतोय.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. महापालिकेने चार पूर्ण आकाराच्या टेबलांचं एक सभागृह उभारावं आणि तिथे पगारी प्रशिक्षक नेमावा. स्नूकरच्या टेबलाखालची पाटी दगडाची असते, ती दशकानुदशकं टिकते. बदलावं लागतं ते कापड, कुशनचं रबर आणि चेंडू. एकदा केलेल्या खर्चात अनेक पिढ्या शिकतील. राज्य संघटनेने प्रशिक्षक आणि पंचांचे वर्ग मराठीतून, वसईत येऊन घ्यावेत आणि त्यात पार्लरातल्या मार्कर मुलांना आधी जागा द्यावी. जिमखान्यांनी दुपारची रिकामी टेबलं बाहेरच्या शाळकरी मुलांना उघडावीत. आणि पार्लरमालकांनी अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या फ्रेमचे पैसे दोघांत निम्मे करावेत, त्या वेळात धूर आणि पैज बंद ठेवावी. यातली एकही मागणी अवाजवी नाही.

आणि कोच व्हायला निघालेल्या मित्रा, तुला सांगतो. हातची नोकरी आज सोडू नकोस. क्यूची टिप बसवायला शीक, पंचगिरीची परीक्षा दे. दोन्हींतून चार पैसे सुटतील आणि खेळ आतून कळेल. प्रत्येक विद्यार्थ्याची वही ठेव, फटक्याचं चित्रण मोबाइलवर करून त्याला दाखव. विद्यार्थ्याबरोबर पैशांची फ्रेम आयुष्यात खेळू नकोस. तुझी फी टेबलाच्या भाड्यात मिसळू देऊ नकोस. ती वेगळी माग, महिन्याच्या सुरुवातीला माग आणि ताठ मानेने माग. मुख्य म्हणजे एकटा राहू नकोस. वसईपासून विरारपर्यंत शिकवणारी जी दहा-पंधरा माणसं भेटतील त्यांना एका खोलीत बसव, सगळ्यांची एक फी ठरवा, सकाळच्या तासांचा एक दर ठरवा आणि मग सगळे मिळून मालकासमोर जा. एकट्या मास्तरला मालक मीटर दाखवतो. पन्नास मुलांची सकाळ हातात असलेल्या मास्तरांना त्याला खुर्ची द्यावी लागेल.