जहाज काठाला लागले. पुढची वाट कोणासाठी?

छोट्या जहाजांवरील नदीपर्यटनाला देशात सरकारी पाठबळ मिळत आहे. मात्र जहाज आणि किनारा यांमधील शेवटची शंभर पावले गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना अजूनही दुर्गम आहेत. सहल निवडताना काय तपासावे आणि धोरणात नेमके काय राहून गेले आहे, याचा हा वेध.

- विशेष प्रतिनिधी

वाराणसीहून निघालेल्या ‘एमव्ही गंगा विलास’ या जहाजाला १३ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि २७ नद्या या आकड्यांची मोठी चर्चा झाली. बांगलादेशमार्गे आसामातील दिब्रुगडपर्यंत जाणाऱ्या या जहाजात १८ खोल्या आणि ३६ प्रवाशांची सोय होती. पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. प्रवासाच्या पहिल्याच आठवड्यात बिहारमधील छपऱ्याजवळ डोरीगंज येथे जहाज नदीपात्रातच थांबले आणि पर्यटकांना लहान होड्यांतून चिरांद या नवाश्मयुगीन स्थळाकडे नेण्यात आले. जहाज उथळ पाण्यात रुतले, असे वृत्त पसरले. ते नियोजनानुसारच नांगरले होते, असा खुलासा प्रशासनाने केला. वाद गाळाचा की नांगराचा, एवढ्यापुरताच राहिला. ज्याला जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकता येत नाही, त्याने चिरांद पाहायचे कसे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

वास्तविक हा प्रश्न मूठभरांचा नाही. सावकाश चालणारे जहाज, रोज सामान बांधण्याच्या कटकटीतून सुटका आणि दारात येणारी प्रेक्षणीय स्थळे, ही या पर्यटनाची मुख्य आकर्षणे. साहजिकच त्याकडे निवृत्तीनंतरचा वेळ आणि आयुष्यभराची बचत हाताशी असलेला वर्ग ओढला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक, तर दिव्यांगांची २ कोटी ६८ लाख होती. चालताना हातात काठी लागत नाही, पण वीस पायऱ्या उतरताना ज्यांचा जीव मेटाकुटीला येतो, त्यांची नोंद दुसऱ्या आकड्यात नाही. नदीजहाजांचा ग्राहक मोठ्या प्रमाणावर हाच आहे. पूर्ण भाडे मोजून अर्ध्या सहली डेकवर बसून काढण्याची पाळी त्याच्यावर येते.

जवळ नेणारे, पण उतरू न देणारे

समुद्रावरील अजस्र क्रूझ आणि नदीतील छोटे जहाज यांत मूलभूत फरक आहे. मोठे जहाज बांधीव बंदरात लागते. त्यावर लिफ्ट असतात, दरवाजे रुंद असतात आणि उतरण्यासाठी टर्मिनल असते. छोट्या जहाजाचे बलस्थान नेमके उलटे. गंगा विलासला तरंगण्यासाठी जेमतेम १.४ मीटर खोली पुरते. त्यामुळे मोठ्या जहाजांना अशक्य अशा खेड्यांपर्यंत, देवळांपर्यंत ते पोहोचते. परंतु त्या खेड्यात टर्मिनल नसते. कुठे दगडी घाट, कुठे तरंगता धक्का, तर कुठे केवळ चिखलाचा काठ असतो. ब्रह्मपुत्रेचे काठ दरवर्षी ढासळतात, वाळूची बेटे जागा बदलतात. तेथे काठाच्या मातीतच पायऱ्या खोदून त्यावर फळी टाकली जाते. जहाज जितके लहान, तितके ते स्थळाच्या जवळ जाते आणि तितकीच शेवटची शंभर पावले बिकट होतात. जाहिरातीत यातील पहिला अर्धा भागच छापला जातो.

त्यात ऋतूची भर पडते. गंगेवरील पर्यटनाचा हंगाम साधारण पावसाळ्यानंतर सुरू होतो. नोव्हेंबरात पाणी घाटाच्या बऱ्याच वरच्या पायऱ्यांना टेकलेले असते. पुढे महिन्यागणिक ते खाली जाते. म्हणजे ज्या घाटावर नोव्हेंबरात पंधरा पायऱ्या चढाव्या लागल्या, तेथेच मार्चमध्ये त्याहून बऱ्याच अधिक चढाव्या लागू शकतात. मागील वर्षी जाऊन आलेल्या परिचिताने दिलेला ‘काही त्रास नाही हो’ हा निर्वाळा म्हणूनच प्रवासाचा महिना विचारल्याखेरीज ग्राह्य धरता येत नाही.

‘सोपी’ सहल कोणती?

सहलींच्या पत्रकात ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’ अशी वर्गवारी आढळते. ती बहुधा स्थळाची असते, वाटेची नसते. कोणत्याही किनारा-सहलीचे चार टप्पे पडतात : जहाजातून काठावर, काठावरून वाहनापर्यंत, वाहनातून प्रवेशद्वारापर्यंत आणि प्रत्यक्ष स्थळाच्या आत. यांपैकी एक टप्पा जरी अशक्य ठरला, तरी उरलेले तीन कितीही सुकर असोत, सहल हुकते.

वाराणसीचेच उदाहरण घेऊ. घाटांवरून पायी भटकंती ही तेथील सर्वाधिक लोकप्रिय सहल. पण उंच दगडी पायऱ्या, गर्दी आणि अरुंद गल्ल्या यांमुळे दुखऱ्या गुडघ्यांसाठी तीच सर्वांत अवघड. उलट दशाश्वमेध घाटावरील संध्याकाळची गंगा आरती नदीतून, होडीत बसून पाहता येते. तेथे प्रश्न उरतो तो केवळ होडीत चढण्या-उतरण्याचा. शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवरील सारनाथ तर मोटारीने गाठता येते आणि धामेक स्तूपाचा परिसर बहुतांशी सपाट आहे. एका दिवसात एकच गोष्ट झेपणार असेल, तर सारनाथ निवडणे शहाणपणाचे.

पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठच्या कालना येथे १०८ शिवमंदिरे दोन वर्तुळांत बांधलेली आहेत. बाहेरच्या वर्तुळात ७४ आणि आतल्या वर्तुळात ३४. आवार आटोपशीर आहे आणि चालणे फारसे नाही. मुर्शिदाबादच्या हजारदुआरी राजवाड्याची गोष्ट वेगळी. त्याचे वैभव समोरच्या भव्य दगडी पायऱ्यांत आहे आणि अडचणही त्याच पायऱ्यांत. मंदिरांच्या बाबतीत आणखी एक तपशील हमखास विसरला जातो : पादत्राणे बाहेर काढावी लागतात. ज्यांना विशेष बूट किंवा कॅलिपरशिवाय उभेच राहता येत नाही, त्यांच्यासाठी सपाट आवारातील मंदिरही दुर्गम ठरते.

याउलट नावाने धाडसी वाटणाऱ्या सहली कधीकधी अधिक सुलभ असतात. काझीरंगातील जीप सफारीत चालावे लागत नाही. उंच जीपमध्ये चढणे आणि कच्च्या रस्त्याचे धक्के एवढ्याचीच तयारी हवी. कंबरेचे दुखणे असल्यास ती टाळावी. गुडघ्यांचे असल्यास एखादे भक्कम स्टूल पुरेसे होते. सुंदरबनात बहुतेक निसर्गदर्शन पाण्यावरूनच होते. निरीक्षण मनोऱ्यांचे जिने न चढणाऱ्याचे तेथे फारसे काही हुकत नाही. म्हणजे ‘मंदिर सोपे, जंगल अवघड’ हा सर्वसाधारण समज प्रत्यक्षात अनेकदा उलटा ठरतो.

परदेशातील अनुभव

या बाबतीत परदेशात सारे आलबेल आहे, असे नव्हे. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांवर गर्दीच्या हंगामात जहाजे एकमेकांना खेटून बांधली जातात. किनारा गाठण्यासाठी दोन-तीन जहाजांमधून, कधी त्यांच्या वरच्या डेकवरून जावे लागते. लिफ्ट असली, तरी ती सर्व मजल्यांवर जातेच असे नाही. मात्र इक्वेडोरच्या गालापागोस बेटांकडून एक गोष्ट जरूर उचलावी. तेथे सहलीच्या वर्णनातच ‘कोरडे उतरणे’ की ‘ओले उतरणे’ हे नमूद केलेले असते. पहिल्यात रबरी बोटीतून खडकावर वा धक्क्यावर पाय ठेवायचा. दुसऱ्यात गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर चालत जायचे. आपल्याला काय झेपेल, याचा निर्णय प्रवासी घरबसल्या घेऊ शकतो.

कायद्याच्या पातळीवर युरोपीय महासंघाचा ११७७/२०१० हा नियम डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून आरक्षण नाकारता येत नाही. सुरक्षिततेची अट किंवा जहाज-बंदराची रचना आड येत असेल तरच नकार देता येतो आणि त्याचे कारण सांगावे लागते. ४८ तास आधी सूचना दिल्यास मदत मिळण्याचा हक्क आहे. मात्र बारापर्यंतच प्रवासी नेणारी जहाजे या नियमातून वगळलेली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये, त्या देशाच्या सागरी हद्दीतील परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांना तेथील अपंगत्वविषयक कायदा काही मर्यादांसह लागू होतो, असा निर्णय दिला.

कायदा आहे, उतार नाही

आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये भेदभावाला मनाई आहे आणि सार्वजनिक सुविधा सुगम्य करण्याचे बंधन आहे. खासगी सेवा पुरवठादारही त्याच्या कक्षेत येतात. तथापि, या कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची ठरत होती. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके त्यावरच बोट ठेवले. संबंधित नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, तीन महिन्यांत बंधनकारक मानके आखण्याचा आदेश केंद्राला देण्यात आला. ही याचिका २००५ मधील होती, ही बाबही पुरेशी बोलकी आहे.

दुसरीकडे, ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ झाला. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. टर्मिनल आणि जेट्टी उभारण्यावर भर आहे. पण नदीकाठी सुगम्यता म्हणजे केवळ उतार बांधणे नव्हे. ते गणित जरा निराळे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेला उतार एकास बारा या प्रमाणात असतो. पाणी आणि काठ यांत पाच मीटरचा फरक असेल, तर त्यासाठी साठ मीटर लांबीची उतरंड लागेल, विसाव्याच्या जागा वेगळ्या. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, त्याला जोडणारा लांब हलता पूल आणि दोन्ही बाजूंना कठडे, ही व्यवस्था आराखड्यातच हवी. जेट्टी बांधून झाल्यावर ती चिकटवता येत नाही.

मुंबईही या विसंगतीला अपवाद नाही. बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. परंतु क्रूझने आलेल्या पाहुण्याला १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली घारापुरीची लेणी पाहायची असतील, तर गेटवेजवळच्या दगडी पायऱ्यांवरून हेलकावणाऱ्या लाँचमध्ये चढावे लागते. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. चढता न येणाऱ्यांसाठी डोलीची सोय आहे. चार माणसांच्या खांद्यांवर बसून जाण्यात कित्येकांना संकोच वाटतो, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

आरक्षणापूर्वी विचारावे असे

धोरण बदलेपर्यंत प्रवाशाला स्वतःच दक्ष राहावे लागेल. ‘व्हीलचेअर चालेल का?’ या प्रश्नाला ‘हो, आमची माणसे मदत करतील’ असे उत्तर मिळते. मदत म्हणजे उचलून नेणे का, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रश्न मोजता येतील असे विचारावेत :

- प्रत्येक थांब्यावर जहाज धक्क्याला लागते की होडीने जावे लागते?
- आपण जाणार त्या महिन्यात काठावर अंदाजे किती पायऱ्या असतात? कठडा आहे का?
- काठापासून वाहन किती मीटरवर उभे राहते? वाहनाची पायरी किती उंच आहे?
- खोली, भोजनकक्ष आणि उतरण्याचा दरवाजा एकाच मजल्यावर आहेत का? नसल्यास लिफ्ट आहे का?
- स्थळावर बसण्याची सोय आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का? सहल अर्ध्यावर सोडून परतता येईल का?
- पाणी घटल्यामुळे थांबा बदलल्यास पर्याय काय? न केलेल्या सहलीचे पैसे परत मिळतील का?

उत्तरे तोंडी न घेता ई-मेलवर घ्यावीत. पुढे तक्रारीची वेळ आली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी सिद्ध करण्यास हा लेखी पुरावा उपयोगी पडतो. स्वतःची अडचणही आडपडदा न ठेवता सांगावी. ‘थोडे गुडघे दुखतात’ यापेक्षा ‘कठड्याशिवाय दहापेक्षा अधिक पायऱ्या उतरता येत नाहीत’ हे आयोजकाला अधिक कळते. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर भार अधिक येतो, हे हिशेबात धरावे. सलग दोन दिवस चालण्याच्या सहली घेऊ नयेत. मधला दिवस डेकवरचा ठेवावा. नदीचे काठ पाहणे हीदेखील सहलच आहे.

मात्र डेकवर बसणे ही प्रवाशाची निवड असली पाहिजे, नाइलाज नव्हे. प्रत्येक थांब्यावरील पायऱ्यांची संख्या, उतरण्याची पद्धत आणि चालण्याचे अंतर पत्रकात छापणे आयोजकांवर बंधनकारक केले, तर त्याला ना मोठा निधी लागतो, ना नवे बांधकाम. जेट्ट्यांची कामे पूर्ण व्हायला वर्षे लागतील. ही माहिती पुढच्या हंगामाच्या पत्रकातही देता येईल. क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट बाळगणाऱ्या सरकारने, त्यांतील किती जण प्रत्यक्ष काठावर उतरू शकतात, याचीही मोजदाद आता सुरू करावी.